यिडिश बायबल-कादंबरी

बायबलमधील व्यक्तींची चरित्रे ऐतिहासिक कादंबरीच्या रूपात सांगणारा यिडिश (युरोपातील ज्यूंची एक भाषा) साहित्यप्रकार. तो विसाव्या शतकातला असला, तरी त्यामागची परंपरा जुनी आहे. शौल आणि दावीद यांची कथा पद्यात सांगणारे ‘श्मुएल-बुख’ १५४४ साली आउग्सबुर्ग येथे छापले गेले. हिब्रू न येणाऱ्या बायका शब्बाथला (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी) ‘त्सेने-रेने’ हा तोराचा (बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांचा) कथामय अनुवाद पिढ्यान्‌पिढ्या वाचत आल्या. पुरीमच्या सणात एस्तेर आणि योसेफ यांची नाटके होत. कथानक सर्वांना पाठच असे. मूळ ग्रंथ जिथे गप्प राहतो तिथे काय घडले असेल, याचीच खरी उत्सुकता. मिद्राश या बायबलवरील जुन्या ज्यू भाष्य-कथांच्या वाङ्मयाने ती पूर्वीपासून जोपासली होती.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले नाव शोलेम आश (१८८०–१९५७). पोलंडमधील कुट्नो येथे जन्मलेल्या आश यांनी येशू, पौल, मरिया, मोशे आणि बाबेलच्या बंदिवासातील संदेष्टा यांच्यावर कादंबऱ्या लिहिल्या. येशूवरील कादंबरीची रचना धाडसी आहे. वॉर्सातला एक ज्यूद्वेष्टा पोलिश विद्वान आपण पूर्वजन्मी रोमन सुभेदार पिलाताच्या हाताखालचा रोमन अधिकारी होतो, असे सांगू लागतो. पुढे कथेची सूत्रे येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदा इस्कर्योताच्या हस्तलिखिताकडे आणि मग निकदेम या ज्यू धर्मपंडिताच्या शिष्याकडे जातात. आशचा येशुआ (येशूचे हिब्रू नाव) हा धर्मनिष्ठ ज्यू रब्बी, म्हणजे धर्मगुरू आहे.

नेमके हेच अनेकांना खटकले. न्यूयॉर्कच्या ‘फॉरव्हर्ट्‌स’ दैनिकाचे संपादक अब्राहम काहान यांनी ती क्रमशः छापायला नकार दिला आणि आशवर धर्मांतराचा प्रचार केल्याचा आरोप झाला. १९३९ मध्ये इंग्रजी अनुवाद गाजला. मूळ यिडिश पुस्तक मात्र १९४३ मध्ये निघाले. युरोपातले ज्यू मारले जात असताना येशूवर प्रेमाने लिहिणे वाचकांना झोंबणारच. तरी आश यांना ख्रिस्ती प्रचारक ठरवणे अन्यायाचे होते. ख्रिस्ती धर्माचे मूळ ज्यू घरातले आहे, हेच ते बजावत होते.

इत्सिक मांगेर यांनी ‘खुमेश-लिडर’ (१९३५) या कवितांत उलटी वाट धरली. त्यांचे अब्राहामासारखे बायबलमधील मूळपुरुष पूर्व युरोपातल्या खेड्यात राहतात. घरातून निघण्यापूर्वीची शेवटची रात्र अब्राहामाची दासी हागार स्वयंपाकघरात, धुरकट दिव्यापाशी काढते. इतिहासाचा आभास मांगेर यांना नकोच होता. आश मात्र जेरुसलेमचे मंदिर, बाजार आणि यज्ञविधी यांच्या वर्णनात पानेच्या पाने रमतात, आणि तिथे त्यांची कादंबरी कधीकधी रेंगाळते.