युद्ध संपलं, लढा नाही: फिलिपिन्सच्या सशस्त्र प्रतिकाराची पार्श्वभूमी

आंद्रेस बोनिफासिओ मनिलाच्या तोंदो भागातले. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावंडांना पोसायला ते वेताच्या काठ्या आणि कागदी पंखे करून विकायचे. पुढे एका परदेशी व्यापारी पेढीच्या गोदामात नोकरीला लागले. ७ जुलै १८९२ रोजी त्यांनी मोजक्या साथीदारांसह 'काटिपुनान' ही स्पेनच्या अमलाविरुद्धची गुप्त संघटना काढली. सनदशीर सुधारणा मागणारे होसे रिझाल यांना दूर दापितानला हद्दपार करण्याचा हुकूम नुकताच सुटला होता. अर्जविनंत्यांतून काही हाती लागणार नाही, हे आता उघड होतं. काटिपुनानमध्ये येणाऱ्याच्या हातावर चिरा देऊन त्याच रक्ताने सही घेतली जाई.

उठाव तिथे नवे नव्हते. स्पेनचा अंमल १५६५ पासूनचा. त्याबरोबर वेठबिगार, कर आणि मठांच्या ताब्यातल्या जमिनीही आल्या. बोहोल बेटावर फ्रान्सिस्को दागोहोय यांच्या भावाला पाद्र्याने ख्रिस्ती दफन नाकारलं. त्यातून १७४४ मध्ये पेटलेलं बंड १८२९ पर्यंत, म्हणजे तब्बल ८५ वर्षं चाललं. पण ते बोहोलपुरतंच राहिलं. वेगवेगळ्या बेटांचा मिळून एक देश ही कल्पना रुजली ती १८७२ नंतर. त्या वर्षी काविते इथल्या सैनिकी बंडाचं निमित्त करून गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा या तीन धर्मगुरूंना जाहीर मृत्युदंड दिला गेला.

ऑगस्ट १८९६ मध्ये काटिपुनानचं गुपित फुटलं. बोनिफासिओंच्या माणसांनी सरकारी कराचे दाखले टराटरा फाडले आणि लढाईला तोंड फुटलं. डिसेंबरात रिझाल यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांनी या उठावाला पाठिंबा दिला नव्हता, तरीही.

घात मात्र आतूनच झाला. मार्च १८९७ च्या तेहेरोसच्या सभेत काविते प्रांतातल्या खात्यापित्या घरच्या पुढाऱ्यांनी एमिलिओ अगिनाल्डो यांना अध्यक्ष केलं. बोनिफासिओंना मिळालेल्या पदावरही, हा माणूस वकील नाही, असा आक्षेप निघाला. पुढे १० मे रोजी अगिनाल्डोंच्या सैनिकांनीच त्यांना ठार केलं. वर्षअखेरीस अगिनाल्डो स्पेनशी तह करून, पैसे घेऊन हाँगकाँगला गेले.

१८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेनचं युद्ध जुंपलं आणि अगिनाल्डो अमेरिकी जहाजातून परतले. १२ जूनला कावित गावी त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. दोन महिन्यांनी मनिला पडलं, पण ती लढाई म्हणजे निव्वळ नाटक होतं. स्पेनची अमेरिकेपुढची शरणागती आधीच ठरली होती, आणि शहराला वेढा घालून बसलेल्या फिलिपिनो सैन्याला आत येऊ द्यायचं नाही हेही. डिसेंबरात स्पेनने दोन कोटी डॉलरच्या बदल्यात बेटं अमेरिकेला देऊन टाकली.

४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री नव्या धन्याशी युद्ध सुरू झालं. समोरासमोर टिकाव लागेना, तेव्हा गनिमी कावा आला. सप्टेंबर १९०१ मध्ये सामार बेटावरच्या बालांगिगात गावकऱ्यांनी अमेरिकी तुकडीवर हल्ला करून ४८ सैनिक मारले. त्यावर जनरल जेकब स्मिथ यांनी दहा वर्षांवरच्या, शस्त्र धरू शकेल अशा प्रत्येकाला मारण्याचा आदेश दिला. गावातल्या चर्चच्या घंटा सैनिकांनी उचलून नेल्या. त्या २०१८ मध्ये परत मिळाल्या. युद्धात, उपासमारीत आणि कॉलऱ्यात किमान दोन लाख नागरिक दगावले, असा अंदाज आहे.

४ जुलै १९०२ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी युद्ध संपल्याचं जाहीर केलं. त्यानंतर शस्त्र हाती धरणारा कायद्याने दरोडेखोर ठरला, कारण त्याच वर्षी तसा कायदाच झाला. दक्षिणेतल्या मोरो मुस्लिमांचा प्रतिकार पुढे १९१३ पर्यंत चालला. उत्तरेत तोंदोचेच माकारिओ साकाय, काटिपुनानचे जुने सदस्य, डोंगरातून लढत राहिले. निवडून आलेली विधानसभा मिळणार, त्यासाठी खाली या, अशी बोलणी करून त्यांना १९०६ मध्ये उतरवलं, मेजवानीला बोलावून पकडलं आणि १३ सप्टेंबर १९०७ रोजी फाशी दिलं. विधानसभेची निवडणूक सहा आठवड्यांपूर्वीच झाली होती. त्यात लढणाऱ्यांपेक्षा जमीनदार आणि वकिलांचंच फावलं.

जपानी ताब्याची वर्षं सरल्यावर अमेरिकेने स्वातंत्र्य दिलं, तेही स्वतःच्या स्वातंत्र्यदिनी, ४ जुलै १९४६ ला. १९६२ मध्ये अध्यक्ष दिओसदादो माकापागाल यांनी तो दिवस बदलून १२ जून केला. म्हणजे सरकारी दिनदर्शिकेत अगिनाल्डोंची घोषणा आली. १९०२ नंतरच्या लढ्याला तिथे अशी तारीख मिळाली नाही.