मांजराच्या लिटरचा गोळा का बनतो?

खानापूरच्या तांबड्या मातीत पावसाचं पाणी मुरून जातं. अथणीकडच्या काळ्या रानात तेवढ्याच पावसानं चपलेला चिखल चिकटतो, आणि उन्हाळ्यात त्याच रानाला रुंद भेगा पडतात. काळ्या मातीला फुगवणारी खनिजं आता बेळगावच्या फ्लॅटमध्ये, मांजराच्या शी-शूच्या डब्यात घालायच्या दाण्यांत, म्हणजे लिटरमध्येही आहेत.

जांभ्याच्या तांबड्या मातीत केओलिनाइट हे खनिज जास्त. त्याचे थर एकमेकांना घट्ट धरून असल्यानं पाण्याला आत शिरायला वाव नसतो. काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं असतात. त्यांचा एकेक थर सुमारे 1 नॅनोमीटर जाड, ऋणभारित, आणि दोन थरांमध्ये कॅल्शियम किंवा सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण. हे आयन पाणी ओढतात, थर फाकतात. कॅल्शियम थरांना बऱ्यापैकी जवळ धरून ठेवतो, सोडियमची पकड सैल. म्हणून सोडियम बेंटोनाइट, म्हणजे सोडियमवाल्या स्मेक्टाइटनं भरलेली माती, कितीतरी पट फुगतं, चिकट होतं, आणि मूत तळाशी जाण्याआधीच त्याचा गोळा बनतो.

मग शेतातली माती का नको? तिच्यात बहुतेक करून कॅल्शियमच, शिवाय गाळ आणि चुनखडी. तिचा उचलता येईल असा गोळा होत नाही, पंजांना चिखल मात्र लागतो. जंतांची अंडीही येऊ शकतात. लिटरसाठी कच्छ, बारमेरकडच्या खाणींतलं बेंटोनाइटच बरं.

अमेरिकेत एडवर्ड लो यांनी 1947 साली राखेऐवजी शोषक मातीचे दाणे विकायला सुरुवात केली. गोळा होणारं लिटर 1980च्या दशकातलं.

घेताना आधी छोटी पिशवी आणा. वाटीभर लिटरवर दोन चमचे पाणी ओता, थोड्या वेळानं गोळा उचलून बघा. फुटला तर डब्यातही फुटणार. बारीक दाणा आणि कमी धूळ पाहा. सुगंधी लिटर मी तरी घेणार नाही: मांजराचं नाक आपल्यापेक्षा फार तीक्ष्ण, आणि वास नकोसा झाला तर ते डबा सोडून गादी गाठतं. मुळात दुर्गंधी येते ती जिवाणू मुतातल्या युरियाचा अमोनिया करतात म्हणून. गोळा वेळेवर काढला की युरियाच जातो.

थर 5 ते 7 सेंटिमीटरचा ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पिशवीचं तोंड घट्ट बांधा. गोळे रोज काढा, कारण विष्ठेत टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी असलाच, तर तो बाहेर पडल्यावर 1 ते 5 दिवसांनी संसर्गक्षम होतो. गरोदर बाईनं हे काम दुसऱ्याकडे द्यावं. संडासात लिटर कधीच टाकू नका, पाइपात फुगून बसेल. अगदी लहान पिल्लं दाणे चाटतात, त्यांना गोळा न होणारं लिटर द्या.

आणि गोळे रोज डोळ्यांखालून घाला. अचानक मोठे, जास्त गोळे दिसू लागले तर मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असू शकतो. बोका वारंवार डब्यात बसतोय, पण गोळा सुपारीएवढाच किंवा नाहीच, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. सकाळची वाट न पाहता त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.