सेन्सर-स्वच्छता, डिजिटल कॅमेऱ्याची

लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढील (प्रकाश टिपणाऱ्या चिपेपुढील) काचेवर बसलेले धूलिकण, तंतू व तेलाचे थेंब काढण्याची प्रक्रिया. फिल्मच्या कॅमेऱ्यात दर चौकटीला नवी फिल्म पुढे सरके आणि कणही बहुधा तिच्याबरोबर निघून जाई. सेन्सर जागचा हलत नाही. त्यामुळे कण काढेपर्यंत प्रत्येक छायाचित्रात त्याच ठिकाणी करडा डाग उमटतो.

डागाचे स्वरूप : कण प्रत्यक्ष सेन्सरवर नसतो, तर त्यापुढील काचेच्या फिल्टरच्या बाहेरील पृष्ठावर असतो. हे पृष्ठ व प्रकाशग्राही थर यांत २ मिमी. अंतर धरल्यास कणाच्या सावलीची कडा एफ/२.८ ला (लेन्सचे छिद्र मोठे असताना) सु. ०.७ मिमी. पसरते, एफ/१६ ला (छिद्र लहान असताना) सु. ०.१२५ मिमी. म्हणून मांडवात एफ/२.८ वर लग्ने टिपणाऱ्याला जो डाग महिनोन्‌महिने जाणवत नाही, तोच सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर एफ/१६ ने आकाश घेतले की ठळक होतो.

धुळीचा उगम : याबाबत मतभेद आहेत. एका मतानुसार कॅमेरा चालू असताना सेन्सरवरील विद्युत्‌भार धूळ ओढतो. लेन्स बदलताना कॅमेरा बंद ठेवण्याचा प्रघात यावरूनच पडला. प्रघात चांगला आहे. पण धूळ बसते ती फिल्टरच्या काचेवर, आणि तिला धरून ठेवण्यास काचेचा स्थितिक भार व पृष्ठीय आकर्षण पुरेसे असते. दुसरे मत शटरची पाती व आरशाची यंत्रणा यांच्या झिजेकडे बोट दाखवते. निकॉन डी६०० (२०१२) हे याचे बहुचर्चित उदाहरण. त्यात डाग मुख्यतः चित्राच्या वरच्या डाव्या भागात येत. २०१४ मध्ये कंपनीने मोफत तपासणी, सफाई व शटर बदलून देण्याची सोय केली. नव्या कॅमेऱ्यात हे अंतर्गत कारण गृहीत धरता येते, एरवी लेन्स बदलताना शिरणारी हवा हेच प्रमुख कारण मानणे सयुक्तिक वाटते.

सोलापुरात तर बाहेरच्या धुळीचेच पारडे जड आहे. यंत्रमागांच्या परिसरात हवेत सुताचे तंतू तरंगतात. त्यांचा डाग गोल न येता वाकड्या केसासारखा येतो. काळ्या मातीची उन्हाळी धूळ बारीक व कोरडी असते. ती बहुतेक ब्लोअरनेच (दाबून हवा मारायच्या रबरी फुग्याने) निघते. पावसाळी दमटपणात मात्र तोच कण काचेला घट्ट चिकटतो. हळदी समारंभात किंवा हुलजंतीसारख्या यात्रेत उधळलेला भंडारा सर्वांत त्रासदायक : हळदीचा रंग मद्यार्कात विरघळतो, त्यामुळे कण आधी न उडवता मिथेनॉल या मद्यार्काने ओली केलेली सफाईची पट्टी फिरवल्यास काचेवर पिवळसर पट्टा उठतो.

स्वयंस्वच्छता : पहिलेपणाचे श्रेय सामान्यतः ऑलिंपस ई-१ (२००३) ला दिले जाते. त्यात सेन्सरपुढील काच श्राव्यातीत कंपनांनी हलवून कण झटकले जातात. सिग्मा एसडी९ (२००२) मध्ये लेन्सच्या तोंडामागे धूळरोधक काच होती. पण तो अटकाव झाला, सफाई नव्हे. कॅनन ४००डी (२००६) पासून कंपनाची सोय सर्वसामान्यांच्या कॅमेऱ्यात रुळली. तेल व चिकटलेले कण कंपनाने निघत नाहीत.

कृती : प्रथम आयएसओ (प्रकाशसंवेदकता) १००, एफ/१६ ते एफ/२२ ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून व कॅमेरा हलता ठेवून पांढरा पडदा किंवा ढगाळ आकाश टिपावे. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते; कॅमेऱ्याकडे समोरून पाहिल्यास चित्रातील वरच्या डाव्या डागाचा कण खाली डावीकडे सापडतो. फरशी ओल्या फडक्याने पुसावी. पंखा व कूलर बंद करावा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण आरसा वर व शटर उघडे ठेवणाऱ्या सफाई मोडमध्ये ती संपली तर आरसा व शटर पट्टीवर आदळतात. कॅमेऱ्याचे तोंड खाली करून रबरी ब्लोअरने हवा मारावी, नळी आत घालू नये. कॅनन ईओएस आरसारख्या (२०१८) कॅमेऱ्यात बंद केल्यावर शटर मिटते; मिटलेल्या पात्यांवर जोराने हवा मारू नये. तोंडाने फुंकल्यास थुंकी पडते, दाबाच्या डब्यातील हवेबरोबर द्रव उडून डाग राहतात.

एवढ्याने न निघाल्यास ओली सफाई. पट्टीची रुंदी सेन्सरच्या उंचीइतकी असावी : ३६×२४ मिमी. सेन्सरला २४ मिमी., एपीएस-सी या लहान सेन्सरला १६-१७ मिमी. पट्टीच्या कडेवर मिथेनॉलचे दोन-तीन थेंब टाकून मुरू द्यावेत, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एकच सलग हात फिरवावा, पट्टी उलटून कोरड्या बाजूने परत यावे. वापरलेली पट्टी फेकून द्यावी. तिच्यातील वाळूचा एक कणही काचेच्या लेपावर ओरखडा पाडतो. द्रव जास्त झाला तर कोपऱ्यांत वाळल्याचे ओघळ राहतात. एप्रिल-मेच्या दुपारी तो हात पुरा होण्याआधीच उडतो, म्हणून सकाळ बरी. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे. खिडकी उघडी ठेवावी, पण वाऱ्याच्या तोंडाशी बसू नये. प्रतिमास्थिरीकरण (हात हलल्याचा परिणाम टाळण्याची सोय) असलेला सेन्सर झुलता असतो, त्यावर दाब अगदी हलका हवा.

संगणकीय उपाय : कॅनन व निकॉनच्या प्रणालींत कोऱ्या पांढऱ्या संदर्भचित्रावरून डागांच्या जागा नोंदवून ते पुसता येतात. सफाईनंतर या जागा बदलतात, म्हणून संदर्भचित्र पुन्हा घ्यावे लागते.