वकील तारखेला उभाच राहत नाही? बार कौन्सिलकडे तक्रार करण्यापूर्वी आणि करताना

फोन केला की "पुढची तारीख पडलीय, काळजी करू नका" एवढंच उत्तर मिळतं. मग एक दिवस कळतं, दावा चार महिन्यांपूर्वीच गैरहजेरीमुळे काढून टाकलाय. धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात भाडेकरूंकडून ही कहाणी ऐकायला मिळते. रागाच्या भरात प्रत्येकाला आधी बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थेकडे, जाऊन त्या वकिलाची सनद (वकिलीचा परवाना) घालवायची असते. पण तक्रार महिनाभराने केली तरी चालेल, दाव्याचं तसं नाही.

काढून टाकलेला दावा पुन्हा बोर्डावर घेण्याच्या अर्जाला आदेशापासून ३० दिवसांची मुदत आहे. एकतर्फी हुकूमनामा (तुमच्या गैरहजेरीत तुमच्याविरुद्ध झालेला निकाल) रद्द करून घ्यायलाही ३० दिवसच. समन्स नीट बजावलंच नसेल तर हे ३० दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. मुदत उलटली असेल तर सोबत विलंबमाफीचा अर्ज जोडा. वकिलाच्या कसुरीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात १९८१ सालीच म्हटलं आहे. मात्र पक्षकारानेही वर्षानुवर्षं फिरून पाहिलं नसेल, तर या निकालाचा आधार फारसा टिकत नाही.

नवा वकील नेमताना जुन्याची एनओसी (ना हरकत पत्र) मागितली जाते. तो देत नसेल तर कोर्टाकडून परवानगी घेता येते. "आधी राहिलेली फी द्या, मग फाइल" हे तर मुळीच ऐकू नका. थकलेल्या फीसाठी पक्षकाराचे कागद अडवणं हे गैरवर्तन आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली ठरवलं.

आता तक्रारीकडे वळू. ती अधिवक्ता अधिनियम १९६१च्या कलम ३५ खाली होते आणि ज्या राज्याच्या बार कौन्सिलकडे वकिलाची नोंदणी आहे तिथेच द्यायची असते. मुंबईत वकिली करणाऱ्या बहुतेकांची नोंद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे असते. कार्यालय फोर्टला, उच्च न्यायालयाच्या आवारात. तरी वकीलपत्रावरचा सनद क्रमांक एकदा बघून घ्या, परराज्यातली सनद असली तर हेलपाटा पडतो.

खटला हरलो, एवढ्यावर तक्रार टिकत नाही. चुकीचा सल्ला आणि अप्रामाणिक सल्ला यांत फार अंतर आहे, हे खांडेकर विरुद्ध महाराष्ट्र बार कौन्सिल या १९८४च्या निकालात स्पष्ट झालं आहे. नुसता निष्काळजीपणाही अनेकदा पुरत नाही. पण फी घेऊन दावाच दाखल न करणं, खोट्या तारखा सांगत राहणं, कोर्ट फीचे पैसे न भरता ठेवून घेणं ही वेगळी गोष्ट. शिवाय पुरेसं कारण आणि पूर्वसूचना असल्याशिवाय हाती घेतलेलं काम वकिलाला सहसा सोडता येत नाही. सोडलंच, तर न केलेल्या कामाची फी परत करावी लागते.

कागदांत सगळ्यात मोलाचा म्हणजे रोजनामा, म्हणजे दाव्याच्या प्रत्येक तारखेची कोर्टातली नोंद. कोणत्या तारखेला कोण हजर होतं हे त्यात कोर्टानेच लिहून ठेवलेलं असतं, त्यामुळे वकिलाला ते नाकारता येत नाही. नक्कल विभागातून त्याची सत्यप्रत काढा. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावरचं छापील पान तारखा शोधायला ठीक. बाकी वकीलपत्राची प्रत, फीच्या पावत्या किंवा बँकेच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचे संदेश आणि दावा काढून टाकल्याचा आदेश. पावती दिलीच नसेल (बहुतेक वेळा नसतेच) तर यूपीआयची नोंद कामी येते.

तक्रार साध्या पत्रासारखी नको. ती अर्जाच्या स्वरूपात, सही आणि सत्यापनासह (मजकूर खरा असल्याच्या लेखी निवेदनासह) हवी. मराठीत चालते. फी किती आणि प्रती किती, हे कार्यालयात आधी विचारा. मजकुरात शिव्याशाप नकोत, तारीखवार हकीकत लिहा.

तथ्य वाटलं तर कौन्सिल प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे पाठवते. वकिलाला आणि महाधिवक्त्यांना (राज्य सरकारच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्यांना) नोटीस जाते, पुरावे घेतले जातात, तुमची उलटतपासणीही होऊ शकते. पुराव्याची कसोटी कडक असते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडिया या देशपातळीवरच्या संस्थेकडे जातं. दोष सिद्ध झाला तर ताकीद, काही काळ निलंबन किंवा नाव कायमचं काढणं, यांपैकी शिक्षा होते. निकाल मान्य नसेल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील. मुदत दोन्हीकडे ६० दिवसांची.

नुकसानभरपाई इथे मिळत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी बंद केला, त्यामुळे भरपाईसाठी दिवाणी दावाच उरतो.

नोटीस पोहोचली की काही वकील पैसे घेऊन दारात येतात, "तक्रार मागे घ्या" म्हणतात. पैसे परत घ्यायला हरकत नाही. मात्र तडजोड झाली किंवा तक्रार मागे घेतली एवढ्याच कारणावरून नियमानुसार कौन्सिलला चौकशी बंद करता येत नाही, हे त्यांना तिथेच सांगून टाका.