नव्या ब्लूबेरीला कात्री लावायचीच

ज्या न्यू जर्सीतून १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं, तिथल्या परसबागांतही एक सल्ला अजून चालतो: "रोप नवं आहे, कापू नका, येतील ती फळं येऊ द्या." हा सल्ला चुकीचा आहे. त्यापायी चांगली रोपं वर्षानुवर्षं खुरटलेली राहतात.

ब्लूबेरीची मुळं बारीक, तंतुमय आणि उथळ असतात. त्यांना मूलरोम, म्हणजे पाणी शोषणारे केसासारखे बारीक तंतूही नसतात. कुंडीतून जमिनीत गेल्यावर पसरायला ती वेळ घेतात. तेव्हाच फुलं राहू दिली, तर रोपाची ताकद मूठभर फळांत जाते आणि नवे फुटवे जोमाने येत नाहीत. पुढच्या वर्षीचं फळ तर यंदाच्या फुटव्यांवरच धरतं!

थंडी सरताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये, फांदी जवळून बघा. शेंड्याकडच्या गोल, टपोऱ्या कळ्या फुलांच्या. खालच्या बारीक, टोकदार कळ्या पानांच्या. टपोऱ्या कळ्यांचे शेंडे छाटा, किडकिडीत काड्या बुडाशी कापा. दुसऱ्या वर्षीही बहुतेक फुलं खुडलेली बरी. जिवावर येतं, पण भरघोस पीक यायला तसंही सहाएक वर्षं लागतात.

ब्लूबेरीला आंबट माती लागते. पण कॉफीच्या चोथ्याने माती आंबट होते, हाही गैरसमजच. वापरलेल्या चोथ्यात आम्लता फारशी उरत नाही. पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकी माती आंबट) ४.५ ते ५ च्या आसपास आणायचा तर माती तपासून, लागवडीच्या काही महिने आधी गंधक मिसळा. वर लाकडाच्या चिपांचं ३-४ इंच आच्छादन द्या, फक्त बुंध्याला टेकवू नका.