एक्सप्रेसवे म्हणजे जुना 'एनएच ४' नव्हे

मुंबईत वर्षानुवर्षे ऐकू येतं की जुना मुंबई-पुणे हायवे, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग (एनएच) ४, रुंद करूनच मुंबई-पुणे एक्सप्रेसवे झाला. हे चूक आहे. २००२ साली पूर्ण झालेला कळंबोली ते किवळे हा ९४.५ किलोमीटरचा रस्ता राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने (एमएसआरडीसी) बहुतांशी नव्या मार्गावर बांधला. जुना रस्ता पनवेलजवळचं पळस्पे, शेडुंग, चौक, खोपोली, लोणावळा असा आजही वेगळा धावतो. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्येच खुला झाला होता. घोळ होतो तो घाटात, कारण तिथे काही अंतर दोन्हींची वाहतूक एकत्र चालते.

'४' हा आकडाही आता जुना झाला. राष्ट्रीय महामार्गांच्या क्रमांकांच्या २०१० च्या फेररचनेत दिल्ली-मुंबई (जुना ८) आणि मुंबई-पुणे-बंगळुरू-चेन्नई मिळून ४८ झाला. उत्तर-दक्षिण मार्गांना सम क्रमांक मिळतात आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात. म्हणूनच पळस्प्याहून कोकणात उतरणारा गोवा हायवे ६६.

दुचाकीस्वारांनी हा फरक नीट लक्षात ठेवावा. एक्सप्रेसवेवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. मोबाइलचा नकाशा कारच्या पर्यायावर ठेवला तर तो सरळ कळंबोलीच्या एक्सप्रेसवेवर नेतो. निघण्याआधीच तो दुचाकीवर करा आणि पळस्पे फाट्याकडे वळा.