डब्यातला राखाडी आणि भिंतीवरचा राखाडी

गेल्या दिवाळीच्या आधी हॉलला रंग द्यायचं ठरलं तेव्हा मी दुकानात बसून चांगले दोन तास शेड कार्ड चाळलं आणि एक छान फिक्कट वॉर्म ग्रे निवडला, म्हणजे सिमेंटसारखा थंड नाही, थोडा मातकट, थोडा उबदार. पेंटरभाऊंनी दोन हात मारले, संध्याकाळी ट्यूब लावली आणि आई दारातच थांबून म्हणाली, "अगं, हा राखाडी कुठचा, हे तर जांभळट दिसून राह्यलं." आणि खरंच जांभळट दिसत होतं. पेंटरभाऊ म्हणे, "ताई, डब्यातलाच आहे जी, मी काहीच मिसळलं नाही." तेही खरंच होतं. शेड नंबर बरोबर, डबा बरोबर, काम बरोबर, आणि तरी भिंत जांभळट.

तेव्हापासून मी याच्या मागे लागले आणि आता माझं ठाम मत झालंय की फिक्कट राखाडी हा भिंतीवर लावायला सगळ्यात अवघड रंग आहे, लाल-निळ्यापेक्षाही अवघड, आणि त्याचं कारण फॅशनमध्ये नाही, प्रकाशात आहे.

आधी डब्यात काय असतं ते बघू. पांढऱ्या बेसला पांढरेपणा येतो तो मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड नावाच्या भुकटीमुळे, आणि मशीनवाला मुलगा शेड नंबर टाकतो तेव्हा त्यात थेंब-थेंब टिंट, म्हणजे दाट रंगद्रव्यं, पडतात. राखाडीसाठी काळा, म्हणजे कार्बन. पण नुसता काळा पांढऱ्यात टाकला तर बहुतेक वेळा थंड, निळसर झाकेचा राखाडी तयार होतो, म्हणून उबदारपणासाठी त्यात यलो ऑक्साइड आणि किंचित रेड ऑक्साइड टाकतात, दोन्ही लोखंडाची संयुगं, एक गेरूच्या घरातलं आणि एक पिवळ्या मातीच्या. गंमत बघा, खऱ्या राखेचंही असंच असतं. आपल्या नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतून कोळशाची जी राख निघते तिच्यात न जळलेला कार्बन जास्त असला तर ती काळपट दिसते आणि लोखंड जास्त असलं तर तपकिरीकडे झुकते. म्हणजे राखाडीची रेसिपी निसर्गातही तीच, कार्बन आणि लोखंड.

आता हा झुकाव किती असतो? समजा एखादा वॉर्म ग्रे त्याच्यावर पडलेल्या तांबड्या प्रकाशातला ६२ टक्के परत पाठवतो, हिरव्यातला ६० आणि निळ्यातला ५६. म्हणजे तांबड्याच्या मानाने निळा फक्त १० टक्क्यांच्या आसपास कमी. बस, एवढ्याच फरकावर तो रंग "उबदार" म्हणवून घेतो. गडद लाल भिंतीत हाच फरक कितीतरी पट मोठा असतो, त्यामुळे उजेड थोडा इकडे-तिकडे झाला तरी लाल लालच राहतो, पण राखाडीचं सगळं भांडवल हे १० टक्के.

आणि दिव्याचा फरक? तो ऐकाल तर थक्क व्हाल. दिव्याच्या खोक्यावर २७००के, ४०००के, ६५००के असं लिहिलेलं असतं, ते केल्विन, म्हणजे तेवढ्या तापमानाला तापलेली वस्तू ज्या रंगाने उजळेल तो रंग. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं मग पिवळं मग पांढरं, तसंच पुढे निळसर. म्हणून आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळा, जरी आपण बोलताना त्याला "कूल" म्हणतो. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचं गणित करून बघितलं तर ६५०० केल्विनला, तांबड्याच्या मानाने निळा प्रकाश २७०० केल्विनपेक्षा आठ पटीच्या आसपास जास्त भरतो. रंगाचा झुकाव १० टक्के आणि दिव्याचा आठ पट! एलईडीचं आणखी वेगळं, कारण तिच्यात खरं तर एक निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळा उजेड देणाऱ्या पावडरचा थर, दोन्ही मिळून पांढरं दिसतं (ह्या निळ्या एलईडीसाठीच २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं). त्यामुळे तिच्या प्रकाशात निळ्याचा एक टोकदार उंचवटा असतो, त्याच्या बाजूला खड्डा असतो, आणि गडद तांबडा बऱ्याचदा कमी पडतो.

मग प्रश्न असा की एवढा आठ पट फरक असेल तर आपल्याला दिवा बदलल्यावर सगळं घर निळं-पिवळं का नाही दिसत? कारण डोळा आणि मेंदू मिळून तो फरक वजा करतात. समोरचा उजेड कसा आहे याचा अंदाज घेऊन ते स्वतःला जुळवतात, म्हणून वहीचा कागद उन्हातही पांढरा आणि बल्बखालीही पांढरा. पण ही वजाबाकी पूर्ण होत नाही, थोडंसं उरतं. आणि जे उरतं ते लाल सोफ्यावर कळत नाही, पण राखाडी भिंतीवर लगेच कळतं. त्यातही एका बाजूला खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूला ट्यूब असली तर डोळ्याने नक्की कोणाशी जुळवून घ्यायचं, म्हणून दिवेलागणीच्या वेळी एकच भिंत एका टोकाला पिवळसर आणि दुसऱ्या टोकाला निळसर दिसते. मोबाईलचा कॅमेराही अशीच आपल्या मनाने वजाबाकी करतो, त्यामुळे पुण्यातल्या बहिणीला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून "कसा वाटतो ग" विचारण्यात काही अर्थ नाही, मी ते केलंय, तिला बेज दिसला.

थोडासा झुकाव किती काम करतो हे आपल्या आज्यांना माहीत होतं. चुन्यात नीळ टाकायचे ना, ती ह्यासाठीच. चुना वाळला की जरा पिवळट वाटतो, नीळ तो पिवळेपणा खाऊन टाकते, आणि खरं तर त्यामुळे भिंतीवरून परत येणारा एकूण उजेड किंचित कमीच होतो, पण डोळ्याला ती जास्त पांढरी दिसते. वॉर्म ग्रे म्हणजे बरोबर उलटा प्रवास, निळेपणा काढून घेतलेला.

आता फरशी. जुन्या नागपुरी घरांमध्ये कोटा फरशी भरपूर, आमच्याकडेही तीच, हिरवट-निळसर. आणि दारं सागवानाची, पॉलिश केलं की नारिंगीकडे जाणारी. १८२४ मध्ये मिशेल शेव्रल नावाचा रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोब्लां कारखान्यात धागे रंगवण्याच्या विभागाचा प्रमुख झाला, तिथे भिंतीवर लावायची मोठी विणलेली चित्रं तयार व्हायची, आणि तक्रार अशी की निळ्या-जांभळ्या भागातला काळा धागा फिका, मेलेला दिसतो. त्याने धागे तपासले, रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळे काळा तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्याने हे सविस्तर मांडलं. शेजारी जो रंग असेल त्याच्या विरुद्ध रंगाची झाक डोळा बाजूच्या रंगावर चढवतो, आणि राखाडीवर ती सगळ्यात सहज चढते. हिरवट कोट्याशेजारी राखाडी गुलाबी होतो. नारिंगी सागवानाशेजारी निळसर होतो. आमच्या हॉलमध्ये दोन्ही.

तिसरी गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती, आणि मला वाटतं शेड कार्डावर सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, ती म्हणजे प्रकाश एकदाच भिंतीवर पडून डोळ्यात येत नाही. तो एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून छतावर, परत भिंतीवर असा टप्पे खात फिरतो, आणि प्रत्येक टप्प्याला रंग आपला वाटा कापतो. वरचेच आकडे घ्या. पहिल्या टप्प्याला निळा तांबड्यापेक्षा १० टक्के कमी होता, तीन टप्प्यांनंतर तो २६ टक्के कमी होतो. म्हणजे कार्डावरचा दोन बोटांचा तुकडा जेवढा उबदार दिसतो त्यापेक्षा चार भिंतींची खोली कितीतरी जास्त रंगीत होते, विशेषतः कोपऱ्यांत. उजेडाचंही तसंच. काही शेड कार्डांच्या मागे एलआरव्ही म्हणून आकडा असतो, भिंत किती टक्के उजेड परत देते तो. सगळी खोली एकाच रंगाची धरली तर ८० च्या रंगात टप्पे मिळून उजेड थेट पडलेल्या उजेडाच्या पाचपट होतो आणि ६० च्या रंगात अडीचपट, म्हणजे सरळ अर्धा. पण नुसत्या तुकड्याकडे बघून हे कळतच नाही, कारण आपल्या डोळ्याला १८ टक्के उजेड परत देणारी वस्तूच काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधली वाटते, ६० टक्केवाली तर चांगलीच फिक्कट. म्हणून ज्या फ्लॅटला एकाच बाजूने खिडकी आहे त्यांनी ६० च्या खाली जाऊच नये, ७० च्या जवळ राहावं असं मी सांगेन.

आता आपल्या गावाचं. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की उत्तरेच्या खोलीत थंड निळा उजेड येतो म्हणून तिथे उबदार रंग द्या, दक्षिणेच्या खोलीत काहीही चालतं. हे लिहिणारे लोक युरोप-अमेरिकेत राहतात, जिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. नागपूर २१ अंश उत्तरेला आहे. २६ मेच्या आसपास दुपारी उभ्या काठीची सावली गायब होते, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेला असतो. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतोही उत्तरेकडे सरकून, त्यामुळे आपल्या उत्तरेच्या खोलीत उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं पिवळं ऊन शिरतं. डिसेंबरात मात्र तिथे फक्त आकाशाचा निळसर उजेड, आणि दक्षिणेकडे दुपारचा सूर्य ४५ अंशांवर, म्हणजे खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल आणि वर छज्जा नसेल तर ऊन सात फूट आत. एकाच खोलीला दोन वेगवेगळे उजेड, अर्ध्या वर्षाला एक.

आणि मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा खिडकीतून थेट ऊन येतच नाही, येतो तो आधी खाली आपटून मग आत आलेला उजेड. अंगणातल्या लाल पेव्हरवरून, समोरच्या घराच्या पिवळ्या भिंतीवरून, रस्त्याच्या धुळीवरून. दारात कडुनिंब असेल तर पानांतून गाळून आलेला हिरवा. आणि वर आपलं ग्रीन नेट! एप्रिल लागला की गॅलरीत, अंगणात, कूलरच्या वर नेट बांधलं जातं आणि पुढचे अडीच महिने अर्धं नागपूर हिरव्या उजेडात राहतं. पिवळ्या झुकावाचा राखाडी ह्या उजेडात शेवाळी होतो, मी शेजारच्या काकूंकडे बघितलाय. त्यांना भिंतीला ओल आल्यासारखं वाटत होतं, ओल अजिबात नव्हती.

मग निवडायचं कसं, तर भिंतीवर पॅच मारून नाही. पॅचच्या भोवती जुना रंग असतो, तो शेजार फसवतो. दोन फूट बाय दोन फुटांचा जाड पुठ्ठा घ्या, त्याला प्रायमर आणि सॅम्पलच्या डब्यातले दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, कारण ओलं इमल्शन दुधाळ असतं, त्यातले बाइंडरचे, म्हणजे रंग भिंतीला धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे, बारीक कण उजेड उधळतात, आणि वाळल्यावर ते एकमेकांत मिसळून पारदर्शक होतात म्हणून रंग गडद होतो (चुन्याचं नेमकं उलटं, ओला असताना पारदर्शक आणि वाळला की पांढरा). मग पुठ्ठा मधे वहीसारखा दुमडा आणि आतल्या घडीत बघा, तिथे जो गडद आणि जास्त उबदार रंग दिसतो तो तुमच्या खोलीच्या कोपऱ्याचा रंग. फरशीला टेकवून बघा, दाराशेजारी ठेवून बघा, सकाळी आठला, भर दुपारी, ट्यूब लावल्यावर, आणि प्रत्येक वेळी शेजारी एक कोरा पांढरा कागद धरा. कागद बाजूला आला की डोळ्याला मोजायला काहीतरी मिळतं आणि झाक कुठली आहे ते पटकन कळतं, पिवळी, गुलाबी की हिरवी. नुसतं "ग्रे आहे" म्हणून भागत नाही.

आणि सगळे डबे एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून घ्या. दुसऱ्या कंपनीकडून "सेम टू सेम" करून आणलेला राखाडी वेगळ्या टिंटांचा बनलेला असू शकतो, दुकानाच्या उजेडात दोन्ही जुळतात आणि घरच्या ट्यूबखाली वेगळे होतात.

आमच्या जांभळटाचं कोडं मग सुटलं. निवडलेल्या शेडमध्ये उबदारपणा रेड ऑक्साइडकडून जास्त आला होता, वर ६५०० ची निळी ट्यूब, तांबडा झुकाव आणि निळा उजेड मिळून झालं जांभळं, आणि हिरव्या कोट्याने त्यात गुलाबी भर घातली. दुकानात मी तो पिवळ्या दिव्याखाली बघितला होता. परत रंगवायच्या आधी मी फक्त ट्यूब बदलल्या, ४००० च्या लावल्या, खोक्यावर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९० लिहिलेल्या, आणि अर्ध्याहून जास्त जांभळेपणा त्याच संध्याकाळी गेला. उरलेला फरशीचा, तो एका मोठ्या मातकट सतरंजीने झाकला. भिंत तीच आहे. आई आता काही म्हणत नाही.

बेडरूम अजून बाकी आहे. तिथे यलो ऑक्साइडचा, एलआरव्ही ६८ चा एक शेड मनात आहे, पुठ्ठा उत्तरेच्या खिडकीखाली महिनाभर उभा आहे. आत्ता तो हिरवट दिसतोय कारण बाहेर नेट बांधलंय, म्हणून पहिला पाऊस पडून नेट निघेपर्यंत मी पेंटरभाऊंना थांबायला सांगितलंय.